कुटबणच्या धक्क्यावर

सोसायटीने एवढंच सांगितलं होतं:
प्रत्येक क्रेटला एक आकडा हवा,
आणि तो पुन्हा कुणाला मिळता कामा नये.

सोपं आहे, म्हटलं मी. वेळ घेऊ.
वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद
एकापुढे एक चिकटवले की झाला आकडा.
गेलेली वेळ परत येत नाही,
हे तर कीर्तनकारही फुकटात सांगतो.

चौदा नोव्हेंबरच्या पहाटे
चार वाजून बावन्न मिनिटं सात सेकंदांनी
एका काट्यावर 'सांत पेद्रु'चे बांगडे चढले,
शेजारच्या काट्यावर 'बेताळप्रसाद'चे माणक्यो.
दोन्ही चिठ्ठ्यांवर
२०२४१११४०४५२०७.
एस्परांसा चिठ्ठी नाचवत टेबलाशी आली,
"बाय, म्हजे बांगडे खंय गेले?"
तिचे बांगडे मडगावच्या वाटेवर होते,
बेताळाच्या नावाने.

मी मिलिसेकंद जोडले.
सेकंदाचे हजार तुकडे, खोबरं किसावं तसे.
कारकून इनासियु चष्म्यावरून बघत राहिला.
"इतक्या बारीक वेळात कोण काय करतं गे?"
माणूस काहीच करत नाही.
पापणी मिटायची की नाही तेही ठरलेलं नसतं.
पण यंत्र करतं.
पन्नास क्रेट एकदम नोंदवायला दिले
तर एकोणीस जणांचा जन्म एकाच क्षणाचा निघाला.

मग त्या क्षणाच्या मागे मोजणी लावली:
पहिला, दुसरा, तिसरा.
त्याच्यामागे काट्याचा नंबर.
आकडा भिजलेल्या दोरासारखा लांबत गेला
आणि त्यातला वेळेचा वाटा
कमी कमी.

एका रात्री वीज गेली, आतली बटणाएवढी बॅटरीही मेली.
सकाळी यंत्र उठलं ते
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर म्हणत.
तिथूनच त्याला मोजता येतं.
त्याआधी त्याच्या लेखी
ना दर्या, ना जाळं, ना पाखल्यांचं राज्य.
आपल्या घड्याळात तो शून्याचा क्षण
पहाटे साडेपाचचा. गुरुवार.

इनासियुला विचारलं, तेव्हा तू काय करत होतास?
तो बराच वेळ काट्याचं ताट पुसत होता, खवल्यांसकट.
"नऊ वर्षांचा होतो.
पोदेराची वाट बघत दारात बसलो असणार.
पाव गरम होता. आठवतं, कारण
अर्धा भावाने हिसकावला."

म्हणजे शून्यालाही
एकावर दोघांचा हात होताच.

बॅटरी बदलली.
तरी मोठ्या सर्व्हरशी जुळवून घेताना
घड्याळ अधूनमधून दोन सेकंद मागे सरकायचं,
आणि दिलेलेच आकडे पुन्हा वाटायला निघायचं,
विसरभोळ्या यजमानासारखं.
त्यासाठी मी एक ओळ लिहिली.
आताची वेळ मघाच्या वेळेच्या मागे असेल,
तर काही देऊ नकोस. थांब.

ही एकच ओळ मी बारा वर्षांत
न खोडता लिहिली आहे.

आता कधी कधी काटा गप्प होतो.
बिरंची क्रेट टेकवून उभा राहतो,
बर्फाचं पाणी त्याच्या कोपरावरून
धक्क्याच्या सिमेंटवर. ओडिशाहून आलाय,
माझ्याशी हिंदीत बोलतो:
"मॅडम, अटक गया क्या?"
नाही रे. वेळ मागे राहिली आहे, येईल.
इनासियु त्याला साळ नदीच्या मुखाकडे बोट दाखवतो.
तिथे रेवेपलीकडे तीन ट्रॉलर
दिवे लावून उभे आहेत, भरतीसाठी.
बिरंची मान हलवतो. हे त्याला मी नसतं समजावू शकले.

चिठ्ठी निघते.
तो आकडा वाचत नाही,
क्रेटच्या फटीत खोचतो,
ओल्या बोटांनी,
शाई थोडी पसरते.